‘हो काका, बॅकअप आहे’

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर होतं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, प्रत्येक उत्पादकाचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि त्यावरून दर दहा दिवसांनी निघणारं बिल. संस्थेच्या सचिवांशी फोनवर काहीही बोलणं झालं, तरी शेवटचा प्रश्न ठरलेला. “सर, बॅकअप हाय न्हवं?” मी म्हणायचो, “हो काका, रोज रात्री होतो.”

मी खोटं बोलत नव्हतो. रोज सकाळी स्क्रीनवर त्या कामापुढे हिरवी खूण दिसायची.

मग एके दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. दुसरा सर्व्हर उभा केला, कालची बॅकअप फाइल काढली. आकार २० बाइट. परवाची २० बाइट. तेरवाचीही तेवढीच. नऊ दिवसांपूर्वी मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, पण बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डेटा बाहेर काढणारी कमांड रोज रात्री अडत होती आणि तिच्यापुढे पाइपने जोडलेली जीझिप, हाती काहीच आलेलं नसताना, इमानदारीत फाइल बनवत होती. ‘काहीच नाही’ हे जीझिपने दाबलं की २० बाइट होतात. साखळीतली शेवटची कमांड नीट संपली की शेल सगळंच नीट झालं असं धरतं. ‘पाइपफेल’ हा एक पर्याय स्क्रिप्टमध्ये चालू केला असता, तर खूण पहिल्याच रात्री लाल झाली असती.

संस्थेला वाचवलं ते कागदाने. सचिवांनी घरोघरच्या चिठ्ठ्या गोळा करून नऊ दिवसांच्या नोंदी पुन्हा भरल्या. ज्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या, त्यांना मागच्या बिलाची सरासरी लावली. एका मावशींची म्हैस नुकतीच व्यायली होती, त्यामुळे त्यांचं दूध याच बिलात वाढलं होतं. सरासरीत त्यांचं नुकसान झालं. त्या भांडल्या नाहीत. “मशीनच बिघडलं, त्याला कोन काय करनार,” एवढंच म्हणाल्या, असं काकांनी मला सांगितलं.

ते वाक्य मला अजून टोचतं. डिस्क बिघडली हे खरं. पण माझ्या त्या ‘हो’चं काय?

ब्रिटिश गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. त्याच्या मनात शंका येतात, पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीही होईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि अगदी मनापासून प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतात, त्याचा विश्वास खरा होता, पण समोर असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा हक्क त्याला नव्हता. जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

यातलं शेवटचं मला आधी जाचक वाटलं. मग लक्षात आलं, पासवर्ड बदलण्यापूर्वीच्या महिन्यांत फाइल्स भरलेल्या होत्या, तरी माझं ‘हो’ तेवढंच पोकळ होतं. मी एकही फाइल कधी उघडून पाहिली नव्हती.

मोठ्या कंपन्यांतही हे घडतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला. तेव्हा कळलं, की पोस्टग्रेसच्या आवृत्त्या न जुळल्याने नेहमीचा बॅकअप होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेल परस्पर नाकारले जात होते. कामी आला तो त्याच इंजिनिअरने दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट. कंपनीने सगळं जाहीर केलं. अहवालात त्याचा उल्लेख ‘टीम मेंबर १’ एवढाच आहे. मला ते योग्य वाटतं. बोट एकाचं चुकलं, पण बॅकअप आहे असं तर सगळेच धरून बसले होते.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्ट तपासायला गेलं तर जगणं अवघड होईल. बरोबर आहे. लिफ्टमध्ये शिरताना मी दोर तपासत नाही. पण तिथे मी विश्वास ठेवणारा असतो. काकांसाठी मी लिफ्टवाला होतो. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचं दूध, पैसे, कष्ट टेकलेले असतात, त्याने ‘मला वाटतं’ आणि ‘मी पाहिलंय’ यांत गल्लत करू नये. आणि पाहिलं नसेल, तर तसं सांगावं.

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एका रिकाम्या मशीनवर बॅकअप पूर्ण उतरवतो आणि कुठल्याही एका उत्पादकाचं बिल काढून पाहतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा काकांना हौसेने फोन केला. “काका, आज बॅकअप उघडून पाहिला. काल संध्याकाळपर्यंतचं सगळं आहे.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आधी उघडून बघत न्हवता व्हय?”

“नाही काका,” मी म्हणालो.