दान की देणे?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, की वेळ मोजायला सुरुवात होते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. हे साडेचार तास गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखेच मिळतात, असे तुम्हाला वाटते का?

ज्याच्या दारात गाडी आहे, तो थेट मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. रोजंदारीवर जगणारा माणूस 'थोडे पडलो की बरे वाटेल' म्हणतो, मग जवळच्या दवाखान्यात जातो. तिथे स्कॅनची सोय नसते. वेळ तिथेच निघून जाते. पुढे कित्येक महिने व्यायामोपचार लागतात आणि रुग्णाला घेऊन जाणाऱ्याचीही मजुरी बुडते.

दिल्लीत एम्स आणि सफदरजंग ही मोठी सरकारी रुग्णालये समोरासमोर आहेत. बाहेर फूटपाथवर, रिपोर्टची पिशवी उशाला घेऊन माणसे रात्र काढतात. त्यांना पाहून आपल्याला दया येते, जेवण वाटावेसे वाटते. जरूर वाटावे. पण तेवढ्यावर थांबावे का?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. कोणती रक्कम कोणत्या खात्यात लिहायची, हे आम्हाला आधी शिकवतात. दिल्लीतील अनेक खासगी रुग्णालयांना सरकारी जमीन सवलतीच्या दराने मिळाली. अट होती गरिबांवर मोफत उपचारांची. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा आणि बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के रुग्ण मोफत पाहावेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते कायम ठेवले. म्हणजे ती खाट 'दान' या खात्यात लिहिताच येत नाही. ते 'देणे' आहे.

आपल्या सेवेचेही असेच नाही का? दान करताना 'मी दिले' हा भाव हळूच डोके वर काढतो. देणे फेडताना मात्र मन नम्र राहते.

म्हणून आजच एक करा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना, इमारतीच्या पहारेकऱ्याला सांगा: चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर थांबू नका. वेळ लक्षात ठेवा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. मोफत खाट हा तुमचा हक्क आहे का, हे तिथे विचारा. आणि तशी वेळ आलीच, तर त्यांच्यासोबत जा.