काच, क्षार आणि निचरा

बारामती-इंदापूरकडे नवा बंगला बांधताना बाथरूममध्ये बिनचौकटीच्या काचेचे दार बसवायची हौस आता रुजली आहे. मला ती रास्त वाटते. आंघोळीचा कोपरा वेगळा झाला की बाकीची फरशी कोरडी राहते, आणि म्हाताऱ्या माणसांना ओल्या फरशीचीच खरी भीती असते.

चौकट नसल्याने दाराचा सगळा भार बिजागऱ्यांवर येतो, म्हणून आठ-दहा मिलिमीटरची टफन काच लागते. ही काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. फुटलीच तर तिचे धारदार तुकडे होत नाहीत, बोथट खडे होतात. मात्र एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे माप फरशा बसल्यावरच, वर, मध्ये आणि खाली असे घ्यावे. भिंत ओळंब्यात नसेल तर ते तेव्हाच कळते.

एवढी काळजी बहुतेक जण घेतात. पाण्याचा विचार मात्र राहून जातो. बोअरच्या जड पाण्याचा थेंब काचेवर वाळला की पांढरे वर्तुळ उरते, आणि रोज न पुसल्यास त्याचा खरखरीत थर होतो. गीझरच्या कॉइलवरही असाच थर धरतो, पण तो डोळ्याआड असतो. काच इथले पाणी उघडे पाडते.

पाण्याबरोबर क्षारही येतात, हे रानाने फार पूर्वी दाखवले होते. नीरा डाव्या कालव्याने इथे बागायत आली. पाणी मुबलक आणि निचरा कमी, म्हणून जमिनी खारवटल्या. हॅरोल्ड मान आणि ताम्हाणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या या जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली. पाणी आले की प्रश्न सुटला, हा आपला समज तेव्हाही होता आणि घर बांधताना आजही आहे. जिरायती गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे तर शॉवरपेक्षा बादलीच शहाणपणाची.

शिवाय ती काच रोज पुसणार कोण? हौस घराची असते, वायपर बहुधा बाईच्याच हाती येतो. हे मला खटकते. ज्याने आंघोळ केली त्यानेच काच पुसावी, हे दार बसवण्याआधी घरात ठरले पाहिजे.

काचेची ऑर्डर देण्याआधी बोअरच्या पाण्याचा जडपणा तपासून घ्या. तो कमी करणारा सॉफ्टनर बसवलात तर तो धुताना निघणारे मिठाचे पाणी परसातल्या झाडांना सोडू नका.