मांजराचे मत

घर बदलणे हे क्रियापद सकर्मक आहे. शाळेत मास्तरांनी विचारले असते तर कर्ता 'मी' आणि कर्म 'घर' असे सांगून मी दोन मार्क मिळवले असते. प्रत्यक्षात कर्ता एखाददुसराच असतो. कर्मे मात्र टेंपो भरून निघतात. गाद्या, पिंपं, कुंड्या, पाटावरवंटा (तो वापरात नाही, पण टाकवतही नाही), आणि या सगळ्याबरोबर काही अशी कर्मे की जी श्वास घेतात, ज्यांना आवडीनिवडी असतात आणि ज्यांना कोणी काही विचारलेले नसते. म्हणजे मुलं आणि मांजरं.

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? मुलांचं भलं आईबापांना कळतं. कबूल. माझा प्रश्न भल्याचा नाहीच. ज्याचं सगळं जग आपण उचलून पन्नासेक किलोमीटरवर नेऊन ठेवणार, त्याला आधी विचारणं हे आपलं कर्तव्य आहे की नाही? आणि विचारलं, नि तो 'नाही' म्हणाला, तर?

गिरगावातली चाळ सोडून डोंबिवलीला जायचं आम्ही ठरवलं. 'आम्ही' म्हणजे मी आणि सौ. कारणं भरपूर होती. दोन खोल्या, त्यातल्या एकीला स्वयंपाकघर म्हणायचं, ते तिथे गॅस होता एवढ्यासाठीच. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. थोरला अकरावीत गेला तरी अभ्यासाला गॅलरीत बसायचा, आणि जाणारा-येणारा प्रत्येक शेजारी त्याला एकोणतीसचा पाढा विचारून पुढे जायचा. धाकटी नऊ वर्षांची. तिची तक्रार कशाबद्दलच नव्हती. आणि काशी. काशी म्हणजे मांजर. वय अकरा, रंग राखी, स्वभाव सरकारी. नावाला आमची, पण सकाळचं दूध आमच्याकडे, मासळी समोरच्यांकडे आणि दुपारची झोप तळमजल्यावरच्या आजींच्या मांडीवर, असं तिचं वेळापत्रक होतं.

हल्ली मुलांना विश्वासात घ्यायची पद्धत आहे. त्यामागे मोठमोठे कागदही आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला. त्याचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंध असलेल्या गोष्टीत त्याचं मत ऐकावं आणि वय नि समज पाहून त्याला वजन द्यावं. आपल्याकडचा पालक आणि पाल्य कायदा तर त्याहून जुना, १८९० चा. ताबा कोणाकडे द्यायचा हे ठरवताना, पोर समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याची पसंती विचारात घेऊ शकतो. म्हणजे आईबाप कोर्टात भांडले तर पोराला मत आहे. आईबापांचं एकमत झालं की पोराचं मत गेलं!

मी मुलांना विचारलं नाही. मुद्दाम विचारलं नाही. बिल्डरला पैसे भरून झाल्यावर "बाळ, तुला काय वाटतं?" म्हणणं हे पोळीला तूप लावून झाल्यावर "तूप लावू का?" म्हणण्यासारखं आहे. ज्याच्या 'नाही'ला आपल्याकडे जागा नाही त्याला विचारू नये, सरळ सांगावं. सांगितलं तर निदान त्याला रागवायची मोकळीक राहते. विचारलं की तीही जाते, कारण पुढे जन्मभर "तूच तर हो म्हणाली होतीस" हे ऐकावं लागतं. हे माझं तत्त्वज्ञान सौ.ला फारसं पटलं नाही. पण तीही विचारायला गेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

थोरल्याने वेगळी खोली मिळणार एवढं ऐकून विषय संपवला. धाकटीने रागवायच्या मोकळीकीचा दोन दिवस पुरेपूर उपयोग केला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काशीचं काय?"

यावर चाळीचं एकमत होतं. कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला. तेव्हा मांजर इथेच राहू द्या. यात तथ्य नाही असं नाही. मांजर दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायाला गाल घासत हिंडतं ते लाडाने नव्हे. गालाचा वास लावून ते आपल्या घराची हद्द आखत असतं. नव्या जागी नेलेलं मांजर जुन्या जागेकडे निघतं, म्हणून प्राण्यांचे डॉक्टर त्याला आधी काही दिवस एकाच खोलीत कोंडून ठेवायला सांगतात. सगळं खरं. फक्त एवढंच, की ही असली शहाणपणं माणसाला नेमकी टेंपोत जागा उरली नाही की आठवतात.

या प्रश्नावरचा आपल्याकडचा जुना निवाडा महाभारतात आहे, महाप्रस्थानिक पर्वात. धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोचला, बरोबर कुत्रा. इंद्राने सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा नियम काढला: कुत्रेवाल्यांना इथे जागा नाही. (बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली कळवलं, ते इंद्राच्या वेळी नव्हतं.) भावांना नि द्रौपदीला वाटेत टाकून आलास, मग कुत्र्याचंच काय एवढं, असंही तो म्हणाला. युधिष्ठिराचं उत्तर मला फार आवडतं. ती मेली होती, जिवंत असताना मी कोणाला टाकलं नाही. कुत्र्यासाठी तो स्वर्ग सोडायला तयार झाला.

थोर माणूस! पण मला दोन शंका आहेत. एक तर तो कुत्रा हस्तिनापुरापासून आपल्या पायांनी मागे आला होता. त्याने चालून मत दिलं होतं. काशी कोणाच्या मागे जिन्यापलीकडे जात नसे. आणि दुसरी, त्या कुत्र्याला स्वर्गात जायचं आहे का, हे धर्मराजानेही विचारलं नाही.

शिवाय स्थलांतराच्या बाबतीत मांजराने नीतीच्या गोष्टी सांगू नयेत. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. काशीची चार तर मी पाहिलीत: आमचा माळा, जिन्याखालची अडगळ, आजींचा पलंग, पुन्हा आमचाच माळा. मानगूट धरायची की निघाली. पिल्लांना विश्वासात वगैरे काही नाही. हा मुद्दा मी धाकटीपुढे मांडला. ती म्हणाली, "पण ती एकाला पण मागे ठेवत नाही, बाबा. मोजून नेते."

मग थोडं थांबून, "मला नाही विचारलंत, तर तिला पण नका विचारू. आम्ही दोघी एकाच गाडीतून येऊ."

काशी आमच्याबरोबर येणार हे त्या क्षणी ठरलं. राहिला आजींचा हक्क. अकरा वर्षांच्या दुपारी म्हणजे काही थोडाथोडका कब्जा नव्हे. एवढ्यावर माणसं कोर्टात जातात. मी चाचरत खाली गेलो. आजी तांदूळ निवडत होत्या.

"ने रे, ने," त्या म्हणाल्या. "चाळ पाडायला घेतील तेव्हा ही कुठे जाणार? लेकाने विरारला जागा बघितलीय म्हणे. मी तिला खांद्यावर टाकून नेईन म्हटलं, तर मलाच कुणीतरी नेणार."

"तुम्हाला विचारलं असेलच त्याने."

"विचारलं तर! पागडीची कागदपत्रं झाल्यावर."

तांदळातला एक खडा त्यांनी बाहेर टाकला आणि विषय बदलला.

प्रवासाचं फारसं सांगण्यासारखं नाही. काशी पिंजऱ्यात घाटकोपरपर्यंत ओरडली, पुढे तिचा आवाज बसला. नव्या घरात ती तीन दिवस लोखंडी कपाटामागे होती. त्याच तीन दिवसांत धाकटी नव्या वर्गात कोणाशी एक अक्षर बोलली नाही, असं बाईंनी कळवलं. संध्याकाळी ती कपाटाशेजारी फरशीवर बसून गृहपाठ करायची. कपाट गिरगावातलंच. चौथ्या दिवशी काशी बाहेर आली आणि तिने त्याच्या दाराच्या मुठीला गाल घासला. मुठीलाच. नव्या भिंतींना अजून नाही.

परवा आजींचा फोन आला. आमची चौकशी अर्ध्या मिनिटात आटपली. मग धाकटीने फोन काशीच्या कानाला लावला.

"विचार गं तिला," आजी पलीकडून म्हणाल्या, "मी जाऊ का विरारला?"

काशीने कान झटकला.

"नाही म्हणते," धाकटी म्हणाली.

आजी हसल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, डोंबिवलीला मांदेली काय भावाने मिळतात ते आईला विचारून सांग.