डावीकडचा एक

निवांत बसा. डोळे मिटा आणि मनात एक रोजकीर्द उघडा. भिंगारच्या बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानात असावी तशी, लाल कापडी बांधणीची. पानावर १,००,००० लिहिले आहेत. ते दुरुस्त करून ९९,८५० करायचे आहेत. दिवाणजी उजवीकडचे पाच अंक खोडतात आणि तिथे ९९८५० लिहितात. डावीकडचा एक मात्र तसाच राहतो. आता वाचा: १,९९,८५०. कमी करायला घेतलेली रक्कम जवळजवळ दुप्पट झाली.

त्या एकापाशी थोडं थांबा. तो कुणी मुद्दाम ठेवलेला नाही.

विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइली पुरवणारा एक ड्रायव्हर होता, एसआरव्ही डॉट सिस. त्यात नेमकं हेच घडत होतं. बाहेरून आलेली यादी सांगायची, माझी लांबी ६५,५३६ बाइट. तपासणीत वैध निघायचे ६५,३७३. लांबीच्या आकड्याला चार बाइटांची जागा होती, पण दुरुस्ती खालच्या दोनच बाइटांत व्हायची. वरच्या बाइटांतला एक तसाच राहायचा आणि आकडा व्हायचा १,३०,९०९.

इथे घाई करू नका. मेमरीत जागा राखली ती खऱ्या मापानं, भरायला घेतलं ते चुकलेल्या मापानं. राखलेली जागा संपली तरी भरणं चालूच. पलीकडच्या बाइटांत दुसऱ्याच कामाची माहिती होती, तिच्यावर परक्यानं पाठवलेला मजकूर चढला. आणि हा ड्रायव्हर चालतो कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात. तिथे ताबा मिळाला की सगळं यंत्रच हाती येतं.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं या चुकीवर दुरुस्ती दिली. १२ मेला याच फटीतून वॉनाक्राय हा संगणक-विषाणू पसरला. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा विषाणू आला आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कांदा पिकवणाऱ्या भिंगारच्या जिल्ह्याला हे बंदर काही परकं नाही. कुठला कंटेनर कुठे न्यायचा हे संगणकाला ठाऊक. तो बंद पडल्यावर तिथे माणसं हातानं काम रेटायला धडपडत होती.

मार्च ते जून, दुरुस्ती मिळूनही गेलेले साडेतीन महिने. मला या दिवसांचा राग येतो. तुम्हालाही येत असेल तर येऊ द्या, पण लगेच कुणाच्या माथी मारू नका. रात्रंदिवस चालणारं यंत्र दुरुस्तीसाठी थांबवायला कुणीतरी परवानगी द्यावी लागते, आणि ती मागणाऱ्या माणसाचं बहुतेक ठिकाणी कुणी ऐकत नाही.

अजून एक गोष्ट मनात धरा. दुरुस्ती न झालेलं एक यंत्र सापडलं की नॉटपेट्या त्यातले पासवर्ड चोरायचा आणि त्यांच्या जोरावर वेळेवर दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरायचा. तुमच्या कचेरीतला कोपऱ्यातला जुना संगणक डोळ्यांपुढे आणा. त्याची देखभाल कुणाकडे आहे? त्या माणसाचं नाव आठवतंय का, बघा.