वाढपी ओळखीचा

रात्री साडेदहाच्या सुमारास न्यूयॉर्कहून वाटपाची शीट येते. इथे खराडीत तेव्हा ऑफिसातले निम्मे दिवे बंद झालेले असतात, तिकडे उन्हाळ्यात दुपारचा एक वाजलेला असतो. शीटमध्ये फार काही नसतं. कर्ज मागणाऱ्या कंपनीचं नाव, कर्जाची रक्कम, मग एकाच व्यवस्थापकाच्या हाताखालचे तीन-चार फंड आणि प्रत्येकापुढे दोन आकडे: किती मागितलं, किती मिळालं. शेवटच्या दोन रकान्यांत वेळा असतात. मागितल्याची वेळ मिळाल्याच्या वेळेआधीची आहे ना, एवढं बघणं हे माझं काम.

घरी कोणी विचारलं की मी ‘अमेरिकन फंडाचं कम्प्लायन्स’ असं वजनदार काहीतरी सांगते. खरं तर पाऊणकीचा पाढा येत असेल तर अर्धी नोकरी निभते. समजा, एका कर्जात या फंडांच्या घराच्या वाट्याला ९ कोटी डॉलर आले. शेअर बाजारात नोंदलेला, कोणीही चार शेअर घेऊ शकेल असा एक फंड ३ कोटी मागतो. बड्या गुंतवणूकदारांचा खासगी फंड ५ मागतो. एका विमा कंपनीचं खातं ४ मागतं. मागणी १२, माल ९. म्हणजे सगळ्यांना पाऊणपट: सव्वादोन, पावणेचार, तीन. संपलं. मोठ्यानं जास्त ओढायचं नाही, धाकट्यानं रडायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात एकदा वेळा उलट्या दिसल्या. नोंदलेल्या फंडाची मागणी वाटपानंतर चाळीस मिनिटांनी लिहिलेली होती आणि आकडा नेमका तेवढाच, जेवढा त्याला मिळाला होता. मी मेल टाकली. अर्ध्या तासात सभ्य उत्तर आलं: आकडा आधीच तोंडी ठरला होता, नोंद तेवढी उशिरा झाली. त्यांच्यावर माझा विश्वास बसला, अजूनही आहे. तरी फाइलला टिपण लावलं. ‘तोंडी ठरला होता’ या तीन शब्दांसाठीच तर हा सगळा कायदा आहे, असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे हसत हसत म्हणतात. म्हणीतला वाढपी चोर नाही. तो कोणाच्या ताटातलं उचलत नाही, कोणाला उपाशी ठेवत नाही. फक्त ओळखीचा चेहरा दिसला की त्याची पळी आमटीत जरा खोल जाते आणि डाळ वर येते. पुढच्याला पातळ पाणी मिळतं. वाढप्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी सगळ्यांना एकेक पळीच वाढली. ते खरंही असतं.

फंडांच्या पंगतीत वाढप्याच्या ओळखीला आकडा असतो. नोंदलेल्या फंडाकडून व्यवस्थापकाला एक फी मिळते, खासगी फंडाकडून दुसरी, आणि ज्या फंडात त्याचे स्वतःचे पैसे असतील तिथे तर फीपेक्षा जास्त. कुठला फंड जवळचा, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. पळी आपोआप वळते.

म्हणून १९४० च्या अमेरिकी गुंतवणूक कंपनी कायद्यानं सरळ बंदीच घातली. त्याच्या कलम १७ (ड) चा आणि त्याखालच्या नियमाचा मथितार्थ असा: फंडाशी संलग्न असलेल्यानं त्या फंडाबरोबर कुठल्याही व्यवहारात भागीदार व्हायचं नाही, व्हायचंच असेल तर आधी एसईसीकडे, म्हणजे तिकडच्या सेबीकडे, अर्ज करून परवानगी आणायची. संलग्न म्हणजे कोण, याची व्याख्या चांगली लांबरुंद आहे. ५ टक्के मतं हातात असली तरी माणूस संलग्न ठरतो. परवानगी देताना आयोगानं दोन गोष्टी बघायच्या. हा व्यवहार कायद्याच्या हेतूला धरून आहे का, आणि फंडाला इतरांपेक्षा वेगळ्या किंवा कमी फायद्याच्या अटींवर तर बसवलेलं नाही ना. दुसरा प्रश्न वाचला की मला पंगतच दिसते. पोट भरलं का, असं तो विचारत नाही. शेजारच्याच्या ताटात काय वाढलं, हे विचारतो.

हा संशय आकाशातून पडलेला नव्हता. १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत गुंतवणूक ट्रस्टांचं पेव फुटलं होतं. गोल्डमन सॅक्सनं डिसेंबर १९२८ मध्ये एक ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढलं आणि लोकांना १०४ डॉलरला शेअर विकला. त्या कॉर्पोरेशननं १९२९ च्या उन्हाळ्यात शेनँडोआ काढलं, शेनँडोआनं महिन्याभरात ब्लू रिज काढलं. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. ऑक्टोबरात बाजार कोसळला आणि पुढच्या काही वर्षांत तो १०४ चा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला. मग एसईसीनं या ट्रस्टांची वर्षानुवर्षं तपासणी केली, जाडजूड अहवाल लिहिले. त्यातून १९४० चा कायदा आला. हे फंड ज्यांच्या पैशानं चालतात त्यांच्यासाठी न चालता चालवणाऱ्यांच्या आणि त्यांच्या गोतावळ्याच्या सोयीनं चालतात, तेव्हा जनहिताला बाधा येते, असं कायद्यानं पहिल्याच कलमात लिहून ठेवलं आहे. कायद्याच्या भाषेत इतकं स्पष्ट बोलणं क्वचित आढळतं.

पण बंदीचाही एक काच असतो. छोट्या फंडाला सांभाळायचं म्हणून त्याला मोठ्यांच्या पंगतीतच बसू दिलं नाही, तर तो सांभाळला गेला की उपाशी राहिला? १९८० साली अमेरिकी संसदेनं बिझनेस डेव्हलपमेंट कंपन्या हा प्रकार आणला. किमान ७० टक्के मालमत्ता मुख्यतः छोट्या-मध्यम, बाजारात न नोंदलेल्या अमेरिकी कंपन्यांत घालायची आणि शेअर मात्र साध्या माणसालाही घेता यायचे. अशा कंपन्यांना दिली जाणारी कर्जं आता इतकी मोठी असतात की एकट्या फंडाला पेलत नाहीत. पेलली तरी सगळी अंडी एका टोपलीत जातात. भावंडांबरोबर मिळून घेतलं तर प्रत्येकाचा धोका थोडा आणि घासाघीस करायला बळ जास्त. नेमकं तेच कायदा करू देत नव्हता. मग परवानगीचे अर्ज, दुरुस्त अर्ज, नोटीस, आदेश. कधी काही महिने, कधी त्याहून बरंच जास्त.

मधे एक बारीकशी फट होती, तीही सांगण्याजोगी आहे. २००० साली मॅसम्युच्युअल या विमा कंपनीला एसईसीच्या कर्मचाऱ्यांनी पत्र लिहून कळवलं की एकत्र खरेदीत घासाघीस फक्त किमतीची होत असेल, तर स्वतंत्र परवानगीची गरज नाही. किंमत सगळ्यांसमोर असते, तिच्यात कोणाला डाळ आणि कोणाला पाणी असं करता येत नाही. पण तारण काय, कंपनी अडचणीत आली तर आधी कोणाचे पैसे, संचालक मंडळावर कोण बसणार, यावर बोलणं सुरू झालं की तिथून पुढे पळी खोल जाऊ शकते. माणूस मनात कुठे तिरपा होतो याचा इतका नेमका अंदाज एका सरकारी पत्रात सापडावा, याचं मला कौतुक वाटतं.

परवानग्यांच्या जुन्या अटी मात्र कडक सासूसारख्या होत्या. एकत्र गुंतवणूक करायची तर नोंदलेल्या फंडाच्या स्वतंत्र संचालकांनी, ज्यांचा त्या व्यवहारात काही स्वार्थ नाही अशांनी, बहुमतानं आधी हो म्हणायचं. किंमत रास्त आहे, आपल्या भागधारकांवर कोणी कुरघोडी करत नाही, असं तपासून नोंदवायचं. एक-दोन व्यवहार असतील तर ठीक. पण दर महिन्याला गठ्ठेच्या गठ्ठे यायला लागल्यावर चांगल्या माणसाचंही काय होतं ते कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. पहिल्या पाच कागदांवर तो वाचून सही करतो. सहाव्यापासून, खूण कुठे केली आहे, एवढंच बघतो.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस एसईसीनं एफएस क्रेडिट अपॉर्च्युनिटीज आणि तिच्या सोबतच्या अर्जदारांना जो आदेश दिला, त्यानं हे बरंच सैल केलं. पाठोपाठ इतर व्यवस्थापकांनी त्याच धर्तीचे अर्ज केले. आता प्रत्येक व्यवहाराला बोर्डाची सही लागत नाही. वाटप न्याय्य कसं होईल याचं लेखी धोरण हवं, सगळ्यांना अटी सारख्या हव्यात, बोर्डाला नियमित अहवाल हवा. काही अपवाद सोडता सही लागते ती मुख्यतः एका जागी: ज्या कंपनीत घरातल्या दुसऱ्या फंडाचे पैसे आधीच अडकले आहेत, तिथे नोंदलेला फंड नव्यानं शिरत असेल तेव्हा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं नव्हतं. पहारा कमी केला, असंच वाटलं. अजूनही थोडं वाटतं. धोरण लिहिणारा व्यवस्थापकच असतो, आणि ‘न्याय्य’ हा शब्द फार लवचीक आहे. पाऊणपटीचा हिशेब निदान कोणालाही कागदावर मांडून दाखवता येत होता.

पण ती एक जागा त्यांनी बरोबर धरली आहे, हे कबूल करायला हवं. समजा, खासगी फंडानं दोन वर्षांपूर्वी एका कंपनीला कर्ज दिलं. कंपनीचं आता बरं चाललेलं नाही, पण ते अजून बाहेर फुटलेलं नाही. तिला नवे पैसे हवेत. खासगी फंडानं दिले नाहीत तर जुनं कर्ज बुडेल, दिले तर आणखी अडकतील. शेजारीच नोंदलेला फंड बसला आहे, हातात रोकड घेऊन. व्यवस्थापक एकच. त्याला ‘इथे चांगली संधी आहे’ असं वाटायला किती वेळ लागेल? आणि वाईट हे, की ते त्याला मनापासून वाटू शकतं. स्वतःच्या जुन्या निर्णयावर विश्वास ठेवायला माणसाला कोणी लाच द्यावी लागत नाही. नवी गुंतवणूक एकत्र, एकाच वेळी, एकाच अटीवर होते तेव्हा सगळे एका रांगेत उभे असतात. कोणी आधीच आत असेल तर एकाला बाहेर यायचं असतं आणि दुसऱ्याला आत ढकललं जात असतं. दार एकच.

आपल्याकडे सेबीनं सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यायी गुंतवणूक फंडांसाठी सहगुंतवणुकीची नवी चौकट आणली, तिथे पंगत जराशी वेगळी आहे. इथे फंडातले पात्र, अधिस्वीकृत गुंतवणूकदार फंडाच्या जोडीनं त्याच न नोंदलेल्या कंपनीत वेगळे पैसे घालतात. फंडामार्फत त्या कंपनीत जेवढा वाटा असेल त्याच्या तिपटीपर्यंत, हा सर्वसाधारण नियम. पण मूळ धागा तोच: जोडीनं आलेल्याला फंडापेक्षा चांगल्या अटी मिळता कामा नयेत, आणि बाहेर पडायची वेळही सारखीच. वांद्र्यात बसून लिहिणाऱ्यालाही तेच ठाऊक होतं. ओळखीच्या पाहुण्याला चांगलं वाढतात ते सगळ्यांना दिसतं. त्याला पंगत उठायच्या आधी मागच्या दारानं जाऊ देतात, ते कोणी बघत नाही.

माझी आजी उन्हाळ्यात आंब्यांची आढी उघडायच्या आधी नातवंडांना ओळीनं बसवून विचारायची, कोण किती खाणार. पेंढा बाजूला व्हायच्या आधी आकडा सांगायचा. मग आंबे किती पिकले, किती सडले ते कळायचं. कमी पडले तर सगळ्यांचाच आकडा खाली. आम्हाला तो जाच वाटायचा, कारण फळ बघितल्याशिवाय भूक कशी सांगायची? माझी मावशी वाटायला बसली की असं काही नसायचं. ती प्रेमानं वाटायची. तिच्या मुलांच्या वाटीत बिनडागाचे आंबे कसे यायचे, हे तिला कधीच कळलं नाही. कोणी बोललं असतं तर तिला रडू फुटलं असतं.

मागणीच्या वेळेचा रकाना तपासताना मला ती आढी आठवते. चाळीस मिनिटांनी भरलेला तो आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. पेंढा बाजूला झाल्यावर तो सांगितला होता, एवढंच.

आजची शीट दहा मिनिटं उशिरा आली. मागण्या वेळेत आहेत, हिशेब दशांशापर्यंत जुळतो. फक्त ‘आधीची गुंतवणूक’ या रकान्यात खासगी फंडापुढे ‘आहे’ आणि नोंदलेल्या फंडापुढे ‘नाही’ लिहिलंय. म्हणजे ही आमच्याकडून सुटणार नाही, बोर्डाकडे जाईल. मी फाइलच्या नावात तारीख घालते, तिकडच्या सहकाऱ्याला दोन ओळींची मेल टाकते आणि मशीनवरचा तो गोडमिट्ट चहा आणायला उठते.