मधल्या काळाचा साक्षी

गाढ झोपेतून उठलेला मनुष्य डोळे चोळीत 'छान झोप लागली, काही कळले नाही' असे म्हणतो, आणि कोणीही सहज बोलून जावे अशा ह्या रोजच्या उद्गारावर आपल्या वेदान्त्यांनी फार मोठा युक्तिवाद रचला आहे. काहीच कळत नव्हते तर झोप छान होती हे कळले कोणाला? जे अनुभवलेच नाही त्याची आठवण होत नाही. आठवण आहे त्या अर्थी अनुभव होता, आणि अनुभव होता त्या अर्थी इंद्रिये व मन लीन झाल्यावरही जागा राहणारा कोणी साक्षी आत होता, असा तो सिद्धान्त. प्रथम कीर्तनांतून आणि पुढे ग्रंथांतून हा युक्तिवाद माझ्या परिचयाचा झाला होता आणि मला तो निर्विवाद वाटत असे. पुढे पित्ताशयातील खड्यांमुळे शस्त्रक्रिया करून घेण्याचा प्रसंग आला, पूर्ण भूल घ्यावी लागली, आणि शुद्धीवर आल्यावर ध्यानात आले की त्या उद्गाराचा उत्तरार्ध तेवढा मला प्रामाणिकपणे उच्चारता येतो. काही कळले नाही, एवढेच खरे होते. छान म्हणावे असे काही नव्हते, वाईट म्हणावे असेही काही नव्हते; मध्ये काळ गेला ही गोष्टसुद्धा भिंतीवरच्या घड्याळाच्या पुराव्यावरून मान्य करावी लागली.

झोप आणि ही अवस्था ह्यांतला भेद प्राचीनांच्या नजरेतून निसटला होता असे मात्र नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेविषयी एक स्वतंत्र सूत्र आहे, आणि त्यावरील शांकरभाष्य आजच्या वैद्यानेही मुद्दाम वाचावे इतके सूक्ष्म आहे. मूर्च्छित मनुष्य जागा नाही, कारण त्याची इंद्रिये विषयांचे ग्रहण करीत नाहीत. स्वप्नात नाही, कारण त्याला कसलेच भान नाही. मृत नाही, कारण त्याच्या अंगात ऊब आहे आणि प्राण चालू आहे. मग तो झोपला आहे असे म्हणावे काय, हा प्रश्न घेऊन आचार्य दोन्ही देहांकडे अक्षरशः निरखून पाहतात. झोपलेल्याचे मुख प्रसन्न, डोळे मिटलेले, श्वास एका लयीत, आणि हाताने नुसते चेपले तरी तो उठतो. मूर्च्छिताचा श्वास बराच वेळ अडतो, शरीर कापते, डोळे विस्फारलेले असतात, चर्या भयंकर दिसते, आणि मुद्गराचे घाव घातले तरी तो उठत नाही. म्हणून ही अवस्था झोप नव्हे. झोपेचा अर्धाच अंश तिच्यात आहे, असा निर्णय त्यांनी दिला. मला ह्या विवेचनात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यातली पुराव्याची जात. सुषुप्तीचा निर्णय करताना वेदान्ती उठलेल्या माणसाच्या जबानीवर विसंबतात. मूर्च्छा ही झोप नव्हे हे ठरविताना मात्र त्या माणसाच्या जबानीवर भिस्त ठेवलेली नाही, तो निवाडा शेजारी उभे राहून पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर झाला आहे.

मी राहतो ते दिवाळे हे बेलापूरच्या किल्ल्यालगतचे, खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. सिडकोचे नवे शहर चहूबाजूंनी वाढले तरी येथला दिवस अजून भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालतो, आणि गावाचे दैवतही पाण्यातलेच आहे: दिवाळीच्या दिवसांत बहिरीदेवाची मूर्ती समुद्राच्या तळातून वर काढतात, वाजतगाजत गावात आणतात, आणि उत्सव आटोपला की पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करतात. पुढच्या वर्षी ती सापडेल की नाही ही चिंता मी येथे कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. माझी शस्त्रक्रिया ठरली तेव्हा शेजारच्या वृद्ध मावशी, ज्यांचा सारा जन्म मासळीच्या व्यापारात गेला, त्यांनी मला शल्यवैद्य कोण हे विचारलेच नाही. उशाशी कोण बसणार, हे विचारले. त्यांचे स्वतःचे ऑपरेशन पूर्वी झाले होते, आणि पोट कोण कापतो ह्यापेक्षा तेवढा वेळ आपल्याला सांभाळतो कोण, हा प्रश्न त्यांच्या लेखी मोठा होता. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नाही. आज मला वाटते की ह्या विषयातला मुख्य प्रश्न तोच आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही घेतात, आणि त्या कागदाचे स्वरूप पाहिले तर कायद्याच्या भाषेत ते अजबच आहे. कुलमुखत्यारपत्र देणारा इसम मुखत्याराचे काम मनात आल्यास थांबवू शकतो. येथे देहाचा ताबा दिल्यानंतर तो परत मागणारा जागेवरच नसतो. भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळी येऊन गेले. दात हलतो का, दमा आहे का, पूर्वी भूल घेतली होती का, घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, असे त्यांनी विचारले, मान मागे वळवून पाहिली, जबडा उघडून घसा पाहिला, आणि रात्रीनंतर अन्न नाही असे बजावले; भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची राखण सुटते आणि पोटातले अन्न फुप्फुसात उतरू शकते, म्हणून हा निर्बंध. सारी भेट थोडक्यात आटोपली. ज्याच्या हाती श्वास द्यायचा त्याची ओळख एवढीच.

सकाळी टेबलावर पडलो तेव्हा मी मनाशी एक निश्चय केला होता: शुद्ध हरपण्याची सीमारेषा जाणीवपूर्वक ओलांडायची, म्हणजे निदान अखेरचा क्षण पाहून ठेवायचा. खोली थंड होती, छातीवर चिकटविलेल्या पट्ट्या थंड होत्या, माझ्याच नाडीचा आवाज यंत्रातून टिकटिक ऐकू येत होता. प्रोपोफोल हे दुधासारखे पांढरे औषध मनगटाजवळच्या शिरेत सोडले तेव्हा हातातून वर जळजळ सरकली. दिव्याच्या चकत्यांपैकी एकीवर मी दृष्टी खिळवली. पुढे काही नाही. अंधार झाला असेही नाही, कारण अंधार दिसण्यासाठी पाहणारा लागतो. अखेरचा क्षण माझ्या हाती आला नाही, आणि तो कोणाच्याच हाती येत नाही ह्याचे कारण नंतर समजले: शिरेतून दिलेले औषध अर्ध्या-पाऊण मिनिटात मेंदूवर अंमल बसविते, आणि जाणीव पूर्ण विझण्यापूर्वीच नवी आठवण ठेवण्याची क्रिया बंद पडते. पुष्कळ रुग्णांना आधी दिलेल्या शामक औषधामुळे आपण स्वतः टेबलावर चढलो, प्रश्नांना नीट उत्तरे दिली, हेही आठवत नाही. बोलणारा होता, पण त्याचा कागद दप्तरी दाखल झाला नाही.

ह्याहून अस्वस्थ करणारी हकीकत पुढे आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणारे औषध देतात, त्यामुळे रुग्णाला इच्छा झाली तरी बोट हलविता येत नाही. 1977 साली टनस्टॉल नावाच्या भूलतज्ज्ञाने एक साधी युक्ती वर्णन केली: ते औषध देण्यापूर्वी एका हाताला पट्टा आवळून रक्तप्रवाह रोखायचा, म्हणजे तेवढा हात मोकळा राहतो, आणि मग रुग्णाला सांगायचे की ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. भूल चालू असताना काही रुग्णांनी हात दाबला. शुद्धीवर आल्यावर विचारले तर त्यांतल्या बहुतेकांना काहीही आठवत नव्हते. ब्रिटन व आयर्लंड येथे झालेल्या मोठ्या पाहणीचा अहवाल 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात भुलेत जागे झाल्याची आठवण स्वतःहून सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 19,000 त एक असे निघाले. ही संख्या दिलासा देणारी आहे, परंतु ती आठवणीची संख्या आहे, जाणिवेची नव्हे. आणि वेदान्त्यांच्या युक्तिवादात ज्या ठिकाणी अनुभव आणि आठवण एकमेकांना घट्ट बांधलेली होती, त्याच ठिकाणी ती गाठ येथे सुटते. आठवण आहे म्हणून अनुभव होता, हे अनुमान उभे राहते. आठवण नाही म्हणून अनुभव नव्हता, असे म्हणण्याचा अधिकार मात्र उठलेल्या माणसाला राहत नाही. त्या काळाविषयी त्याची साक्षच चालत नाही.

मग चालते कोणाची? 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात मॉर्टनने ईथर हुंगवून रुग्णाला निश्चेष्ट केले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणला, तेव्हापासून ह्या विद्येचा इतिहास म्हणजे खरोखर पाहणाऱ्याने काय पाहावे ह्याचा इतिहास आहे. 1848 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली, आणि मृत्यू श्वास थांबल्याने येतो की हृदय थांबल्याने, हा वाद सुरू झाला. त्या वादाचे एक मोठे प्रकरण आपल्या मराठवाड्यावर ज्यांचा अंमल होता त्या निजामाच्या राजधानीत घडले. हैदराबादचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी ह्यांचा ठाम पक्ष असा की श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे पाहण्याची गरज नाही. निजामाच्या खर्चाने 1888 आणि 1889 साली दोन आयोग बसले, कुत्र्यांवर व वानरांवर शेकडो प्रयोग झाले, आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. 1911 साली लेव्हीच्या प्रयोगांनी दाखविले की हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदयाचे स्पंदन एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. लॉरी चुकले होते. तरी श्वासाकडे अढळ लक्ष देण्याची जी शिस्त त्यांनी आपल्या शिष्यांना लावली तिने पुष्कळांचे प्राण राखले असतील, असे मला वाटते. त्या शिष्यांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी स्त्री होती. 1889 पासून 1917 पर्यंत तिने हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. स्त्रियांनी वैद्यकशाळेत पाऊल टाकणेच जेथे नवलाचे होते, त्या काळी ही बाई हजारो निश्चेष्ट देहांच्या उशाशी बसून श्वास ऐकत होती, आणि आपल्या शालेय पुस्तकांत तिचे नाव नाही, ह्याची मला मनापासून खंत वाटते.

पुण्याच्या ससून रुग्णालयात 12 जानेवारी 1924 च्या रात्री जे घडले ते ह्याच संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. येरवड्याच्या तुरुंगातील कैदी मोहनदास गांधी ह्यांना आंत्रपुच्छाचा दाह झाला, त्यांना ससूनमध्ये हलविले, आणि कर्नल मॅडॉक ह्यांनी शस्त्रक्रिया तातडीने करण्याचे ठरविले. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेऊन गांधींनी निवेदन तयार करविले की आपला ह्या शल्यवैद्यांवर विश्वास आहे, आणि कापऱ्या हाताने त्यावर सही केली. 'हिंद स्वराज्या'त डॉक्टर आणि रुग्णालये ह्यांवर ज्याने कठोर प्रहार केले होते, ज्या सरकारविरुद्ध ज्याचा लढा चालू होता, त्याच पुरुषाने त्याच सरकारच्या चाकराच्या हवाली आपली शुद्ध केली. क्लोरोफॉर्म दिला गेला. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ती धावपळ आणि तो कंदील गांधींना ऐकूनच माहीत झाला असणार. सत्याग्रहात माणूस प्रतिपक्षाच्या सदसद्विवेकावर विसंबतो, असे आपण म्हणतो. भुलेखाली जाणारा प्रत्येक मनुष्य, थोर असो वा सामान्य, तेच करीत असतो.

परत येणे हे जाण्यासारखे एकदम नसते. प्रथम नाव आले. कोणीतरी माझ्या नावाने हाक मारीत होते, आणि ते नाव माझे आहे हे कळण्यापूर्वी ते ऐकू येत होते, असे आज वाटते. मग 'डोळे उघडा', मग घशातली खरखर, मग अंगाला सुटलेला कंप, आणि मग दिव्याची चकती पाहण्याचा तो निश्चय, जणू मध्ये काही घडलेच नाही अशा थाटात, पुढे चालू. केव्हा सुरू करणार, असे मी विचारले. झाले, म्हणून सांगण्यात आले. हेच मी तीन वेळा विचारले असे पत्नी सांगते. मला एकदाच आठवते, आणि ती सांगते ते खरे असणार. त्या तासाभराचा हिशेब तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आपले सातत्य आपल्याच स्मृतीने जोडले जाते, अशी माझी समजूत होती. वस्तुतः जन्मानंतरची पहिली काही वर्षे, तापातले दिवस, प्रत्येक रात्र, हे सारे आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून आपल्या नावे रुजू करून घेतो. भूल हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण.

घरी जाण्यापूर्वी मी भूलतज्ज्ञांकडे त्यांची नोंद पाहण्यास मागितली. त्यांना नवल वाटले, पण त्यांनी ती दाखविली. दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अशा खुणा एका कागदावर ओळीने केलेल्या होत्या. आचार्यांनी मूर्च्छिताच्या ज्या ऊब आणि श्वास ह्यांकडे पाहिले होते, तीच चौकशी अंकांत मांडलेली. एका ठिकाणी नाडीची रेषा खाली उतरली होती आणि शेजारी अॅट्रोपीनची मात्रा लिहिली होती. विचारल्यावर ते म्हणाले की दुर्बिणीसाठी पोटात वायू भरताना पडदा ताणला जातो, त्याने कधीकधी हृदयाची गती मंदावते. वायू थांबवायचा, औषध द्यायचे, गती परत येते. प्रसंग त्यांना वेगळा आठवत नव्हता, कारण असे वरचेवर होते. माझ्या आयुष्यातील त्या मिनिटाची दुसरी कोणतीच नोंद कोठे नसल्यामुळे मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि खाली केलेल्या सहीतले नाव त्यांच्याकडून नीट उच्चारून घेतले. मावशींना ते सांगायचे होते.