तळोज्याच्या शाळेत जाण्याआधी

चि. भाचीस,


तळोज्यात घर झालं, एमआयडीसीतली प्रयोगशाळेची नोकरी कायम झाली, आणि आता घराजवळच्या छोट्या मराठी शाळेत शनिवारी मुलांना शिकवायला जायचं म्हणतेस. जरूर जा. जन्मभर दोन शिक्षकी शाळांत राबलेली तुझी मावशी तुला नको कशाला म्हणेल? पण विज्ञानमेळा, चित्रकला स्पर्धा, कंपनीतर्फे दप्तरवाटप, इंग्रजी संभाषण ही तू पाठवलेली यादी वाचली आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी ती शाळा कशी चालते ते बघ. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका बाईंकडे दोन-तीन इयत्ता, बहुतेक वेळा एकाच खोलीत. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, बैठका, निवडणूक आली की तिचं काम. बाई चौथीला भागाकार समजावत असतात, तेव्हा पहिलीतल्या पोराची पेन्सिल उलटी फिरतेय हे बघायला कुणी मोकळं नसतं. दोष बाईंचा नाही. हात कमी पडतात.

तळोज्याची आणखी एक गोष्ट आहे. पेंधर, घोट, कोयनावेळे, रोहिंजण ही जुनी गावं. पेंधरपर्यंत १७ नोव्हेंबर २०२३ला मेट्रो आली, सिडकोच्या इमारती भरू लागल्या. कारखाने, गोदामं आणि बांधकामं यांच्यामागून देशभरची कुटुंबं आली. तुझ्यासमोर घरी आगरी बोलणारी मुलगी बसेल, तिच्या शेजारी घरी भोजपुरी किंवा कन्नड बोलणारा मुलगा. पनवेल तालुक्यात वीटभट्ट्यांवरची कुटुंबंही आहेत. दिवाळीनंतर ती भट्टीवर येतात आणि पावसाआधी निघून जातात. त्यांच्या मुलांचं शाळेचं वर्ष मधोमध तुटतं. त्यामुळे चौथीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक वाचता येईना तर त्याला मठ्ठ समजू नकोस. ते ज्या पायरीवर थांबलंय तिथून त्याला पुढे न्यायला कुणी आलेलं नाही, इतकंच.

ते काम तुझं. आणि हे मी मनचं सांगत नाही. १९९०च्या दशकात मुंबईत ‘प्रथम’ या संस्थेचं काम सुरू झालं. पुढे त्यांनी महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. त्या वस्तीतल्याच, बेताचं शिकलेल्या मुली, ना डी.एड. ना बी.एड. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज साधारण दोन तास वेगळी घेऊन बसत आणि वाचन, बेरीज-वजाबाकी पक्की करून घेत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात या कामाची रीतसर पारख केली. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्यांचे. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: ही मुलं बाहेर गेल्यामुळे वर्ग लहान झाला, पण वर्गात उरलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. नुसती डोकी कमी होऊन भागत नाही. मुलाला जिथे अडलंय तिथूनच शिकवावं लागतं.

याची उलट बाजूही ऐकून ठेव. उत्तराखंडात ‘प्रथम’ने असेच स्वयंसेवक शाळांना दिले, तर शाळांनी त्यांना नेहमीच्या वर्गावर उभं केलं. ते पाठ्यपुस्तक पुढे रेटत राहिले आणि मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. तेव्हा बाई रजेवर आहेत म्हणून तुला अख्खा वर्ग सांभाळायला सांगितला, तर एखाद्या दिवशी सांभाळ; पण त्याची सवय लागू देऊ नकोस. बदली शिक्षक देणं ही सरकारची जबाबदारी आहे. ती फुकटात उचलून तू शाळेचं भलं करत नाहीस, उलट रिकामी जागा झाकतेस.

मग करायचं काय? पहिल्या महिन्यात काही शिकवूच नकोस म्हटलं तरी चालेल. बाईंना विचारून पाच-सहा मुलं घे. एकेकाला अक्षरं, मग शब्द, मग चार ओळी, मग छोटी गोष्ट वाचायला दे आणि कुठे अडतंय ते वहीत लिहून ठेव. पुढचे शनिवार तीच मुलं, तीच वही. मुलाला गोष्ट वाचता यायला लागली की त्याला गटातून मोकळं कर, दुसऱ्याला घे. कार्यक्रमाचा फोटो निघतो, याचा निघत नाही. कंपन्यांना ते अवघड जातं. मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि दप्तरं वाटली की हिशेब लगेच जुळतो. तुझ्या साहेबांना खरंच काही द्यायचं असेल तर शनिवारी सकाळी तुला उशिरा यायची मुभा मागून घे. ती दप्तरांपेक्षा महाग पडेल, म्हणून आधी लेखी घे.

विज्ञान शिकवू नकोस असं नाही. थोड्या मोठ्या मुलांबरोबर ते कर, पण मेळा नको. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, जास्वंदीचा रंग लिंबाने बदलतो, इतक्या सामानावर महिनाभर काम होईल. आणि मग मुलं तुला कासाडी नदीबद्दल विचारतील. ती नदी त्यांच्या घरांजवळून जाते, तिचा वास त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि तुझी नोकरी त्याच औद्योगिक वसाहतीत आहे. विषय बदलू नकोस. कारखान्याचं सांडपाणी कुठे जायला हवं, प्रक्रिया केंद्रात त्याचं काय होतं, ते न झालं तर पाण्यातला प्राणवायू का घटतो आणि मासे का मरतात, हे तुला येतं तेवढं नीट सांग. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, हेही सांग. आपल्या गावाची गोष्ट एक माणूस न लपवता समजावतो, हे मुलांनी पाहणं मला कुठल्याही प्रयोगापेक्षा मोलाचं वाटतं. त्यातून एखाद्या मुलीच्या मनात येईल की प्रयोगशाळेत काम करणारी बाई आपल्यासारख्याच शाळेतून गेलेली असू शकते. ते तू शिकवायला जाऊ नकोस, तिचं तिला कळू दे.

बाहेरून येऊन मदत करणारे पनवेलला नवे नाहीत. याच तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटरचं काम दशकानुदशकं चालू आहे. ही संस्था १९६१ची, मुंबईतल्या समाजवादी मंडळींनी उभी केलेली, डॉ. जी. जी. परीख शंभरीपर्यंत तिच्यात गुंतलेले होते. आज तिथे दवाखाना आहे, शाळाही आहेत. हे सारं माणसं येत राहिली म्हणून झालं.

आता शिस्तीच्या गोष्टी. मुख्याध्यापकांना भेटून लेखी परवानगी घे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा हजर राहा. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यांना तू कोण हे कळायला हवं. मुलांबरोबर नेहमी उघड्यावर, ओट्यावर किंवा व्हरांड्यात बस, बंद खोलीत एकट्या मुलाला घेऊन नाही. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. खाऊ, पेन, पैसे काही द्यायचं नाही. द्यावंसंच वाटलं तर गोष्टीची पुस्तकं शाळेच्या नावाने दे. बाईंना मुलांसमोर काही सुधारून सांगू नकोस. त्यांची वर्षं तुझ्या शनिवारांपेक्षा फार जास्त आहेत, आणि आपल्या जिल्ह्यातल्या बाई मदतीला कधी नाही म्हणत नाहीत, पाहणीला मात्र कंटाळलेल्या असतात.

शेवटचं. वर्षभर नेमाने जमणार नसेल तर सुरूच करू नकोस; पंधरा दिवसांतून एकदा जमणार असेल तर तेवढंच कबूल कर. मुलं वाट बघतात, आणि न येणाऱ्या ताई त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. येत्या सोमवारी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेट आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी